उतार ४, उलटा उतार ०.१६, मग चुकलं कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. पाच विद्यार्थ्यांचे अभ्यासाचे तास २, ४, ६, ८, १० आणि त्याच क्रमाने त्यांचे गुण ५०, ४०, ७०, ६०, ८०. तासांवरून गुण सांगणारी रिग्रेशन रेषा काढली तर उतार ४ आला. मग तेच आकडे उलटे घालून गुणांवरून तास सांगणारी रेषा काढली. उतार १ भागिले ४, म्हणजे ०.२५ येईल असं वाटलं होतं, आला ०.१६. शिवाय आलेखावर पट्टी ठेवून नजरेनं काढलेली रेषा गणितानं आलेल्या रेषेपेक्षा जास्त चढी दिसते. आणि आर-स्क्वेअर, म्हणजे रेषा आकड्यांना किती बसते याचं माप, ०.६४ आलंय, तर रेषा ६४ टक्के वेळा बरोबर येते असं मित्राचं म्हणणं आहे.

तुमची आकडेमोड बरोबर आहे. दोन्ही उतार बरोबर, पट्टीनं काढलेली रेषा चढी दिसणंही बरोबर. मित्राचं म्हणणं तेवढं चूक, त्याकडे नंतर येतो. गेली बरीच वर्षं मी हा विषय शिकवतोय आणि पोटापाण्यासाठी आकडेवारीचं विश्लेषणही करतोय. ०.२५ का आलं नाही, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला रिग्रेशन समजायला सुरुवात झालेली असते. ज्यांना तो पडत नाही ते सूत्र पाठ करून पास होतात आणि पुढे नोकरीत चुकतात.

गोंधळाचं मूळ एका वाक्यात आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की ही रेषा ‘बिंदूंना सर्वांत जवळून जाते’. जवळून म्हणजे कोणत्या दिशेनं मोजून? शाळेत आपण बिंदूचं रेषेपासूनचं अंतर लंब टाकून मोजायला शिकलो. इथे तसं मोजत नाहीत. ओळंबा सोडावा तसं प्रत्येक बिंदूपासून सरळ उभं रेषेपर्यंत यायचं, आणि तेवढंच अंतर धरायचं. कारण साधं आहे. तास आपल्याला माहीत आहेत, गुणांचा अंदाज बांधायचाय. चूक होणार ती गुणांत, आणि गुण उभ्या अक्षावर आहेत. आठ तास अभ्यास करणाऱ्याला रेषा ६८ गुण देते, त्याला मिळाले ६०. आपली चूक ८ गुणांची. आडवं किंवा तिरकं अंतर इथे कुणी विचारलेलंच नाही.

आता उलटा प्रश्न घ्या. गुण माहीत आहेत, तास ओळखायचेत. आता चूक तासांत होणार, म्हणजे आडवी. कमी करायची गोष्टच बदलली, तर उत्तर तेच का राहावं? पहिली रेषा उभ्या चुका कमी करते, दुसरी आडव्या. दोन वेगळ्या प्रश्नांची ही दोन उत्तरं आहेत. एक दुसरीचं उलटं रूप असायचं काही कारण नाही.

हे हातानं करून बघा, पाचच बिंदू आहेत. तासांची सरासरी ६, गुणांची ६०. तासांची सरासरीपासूनची विचलनं −४, −२, ०, २, ४. गुणांची −१०, −२०, १०, ०, २०. जोडीजोडीनं गुणाकार केले तर ४०, ४०, ०, ०, ८०, बेरीज १६०. तासांच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ४०. गुणांच्या विचलनांच्या वर्गांची १०००. पहिला उतार १६० ÷ ४० = ४. दुसरा १६० ÷ १००० = ०.१६. अंश दोन्हीकडे तोच, छेद वेगळा. आणि दोन्ही उतारांचा गुणाकार ४ × ०.१६ = ०.६४. हा तुमचा आर-स्क्वेअर. योगायोग नाही, नेहमी असंच येतं. दोन्ही उतार एकमेकांचे व्यस्त असते तर गुणाकार १ आला असता, आणि तसं फक्त सगळे बिंदू एका सरळ रेषेवर तंतोतंत बसले तरच होतं. म्हणजे ०.२५ आणि ०.१६ यांच्यात जी तफावत तुम्हाला चूक वाटली, तिच्यातच तुमच्या आकड्यांचं विखुरलेपण मोजलं गेलंय.

प्रत्यक्षात फरक किती पडतो ते पाहा. ८० गुण मिळवणाऱ्यानं किती तास अभ्यास केला असेल? पहिली रेषा (गुण = ३६ + ४ × तास) उलटी फिरवली तर ११ तास. योग्य रेषेनं (तास = ०.१६ × गुण − ३.६) ९.२ तास. आकडेवारीत कुणाचेच तास दहाच्या वर नाहीत, आणि उलट्या फिरवलेल्या रेषेनं अकरा सांगितले. तास ओळखायचेत तर तासांची रेषा वापरायची, हा नियम मी अनुभवी लोकांनाही मोडताना पाहिलाय. एक सूत्र तयार असतं, त्यात डावी बाजू उजवीकडे नेणं सोपं वाटतं.

आता पट्टीची गोष्ट. मला यात सगळ्यात जास्त रस आहे. पाचाऐवजी पाचशे बिंदू आहेत असं समजा. त्यांचा तिरका, लंबगोल ढग दिसेल. आपली नजर त्या ढगाची लांबी शोधते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ढगाच्या कण्यातून रेषा ओढते. सममितीची सवय आहे डोळ्याला. पण तासांवरून गुण सांगणारी रेषा तशी ओढायची नसते. ढगाच्या उभ्या, अरुंद पट्ट्या करा. दोन तासांच्या आसपासच्या सगळ्यांची एक पट्टी, चार तासांची दुसरी, असं पुढे. प्रत्येक पट्टीत गुणांची सरासरी काढून तिथे टिंब द्या. ही टिंबं जोडत गेलात की जी रेषा मिळते, जवळपास तीच रिग्रेशन रेषा.

करून पाहिलंत तर गंमत दिसेल. उजव्या टोकाच्या पट्टीत ढगाचा कणा पट्टीच्या वरच्या अंगाला असतो, आणि बरेचसे बिंदू त्याच्या खाली. सरासरी कण्याच्या खालीच येते. डाव्या टोकाला नेमकं उलट, सरासरी कण्याच्या वर. त्यामुळे सरासऱ्यांची रेषा कण्यापेक्षा पसरट. लंबगोलाच्या उजव्या टोकाला आखायची पट्टी उभी धरून नुसती टेकवून बघा. ती जिथे टेकते तो बिंदू टोकावर नसून थोडा खाली असतो, आणि रिग्रेशन रेषा त्याच बिंदूतून जाते. गुणांवरून तास सांगणाऱ्या रेषेसाठी हाच खेळ आडव्या पट्ट्यांनी करायचा, ती कण्यापेक्षा चढी येते. कणा दोघींच्या मधे.

तुमच्या आकड्यांत कण्याची रेषा म्हणून ५ उताराची रेषा धरता येईल. गुण आणि तास या दोन्हींच्या पसाऱ्यांचं, म्हणजे प्रमाण विचलनांचं गुणोत्तर ५ आहे. तुमच्या पट्टीनंही साधारण तेवढाच उतार दिला असेल. गणिताची रेषा ४ ची. दुसरी रेषा त्याच आलेखावर काढली तर १ ÷ ०.१६ = ६.२५ ची. चार, पाच, सव्वासहा. तिन्ही (६, ६०) या सरासरीच्या बिंदूतून जातात आणि कात्रीच्या पात्यांसारख्या उघडतात. सहसंबंध, म्हणजे तास आणि गुण यांची एकमेकांशी जुळणी, जितका कमी तितकी कात्री जास्त उघडी. सहसंबंध शून्य झाला की एक पातं पूर्ण आडवं, दुसरं पूर्ण उभं.

५ ऐवजी ४ कुठून आला? ५ × ०.८. हा ०.८ म्हणजे सहसंबंध गुणांक, ०.६४ चं वर्गमूळ. उताराचं सूत्र लक्षात ठेवायचं असेल तर हेच ठेवा: सहसंबंध गुणांक गुणिले प्रमाण विचलनांचं गुणोत्तर. वाचायचं असं: तास सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन जास्त असतील, तर गुण सरासरीपेक्षा ०.८ प्रमाण विचलनच जास्त अपेक्षित धरायचे. पूर्ण एक नाही. हा गुणांक −१ ते १ च्या पलीकडे जात नाही, त्यामुळे अंदाज नेहमी सरासरीकडे थोडा ओढलेला असतो.

या ओढीवरूनच विषयाला नाव पडलं. १८८६ साली फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं २०५ आईवडिलांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं यांच्या उंचीचा तक्ता मांडला. स्त्रियांची उंची १.०८ नं गुणून पुरुषांच्या मापावर आणली, आणि आईवडिलांची मिळून सरासरी घेतली. उंच आईवडिलांची मुलं उंच होती, पण तेवढी नाहीत. आईवडील सरासरीपेक्षा जितके उंच, त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच मुलं उंच. याला त्यानं रिग्रेशन म्हटलं, म्हणजे मागे सरणं, परतणं. मराठी पुस्तकांत कुठे प्रतिगमन लिहितात, कुठे समाश्रयण. प्रतिगमन या शब्दात ते परतणं निदान ऐकू तरी येतं.

तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. गॉल्टननं तोच तक्ता उलटाही वाचला. मुलांची उंची धरून आईवडिलांकडे पाहिलं, तर तिथे उतार आला एक-तृतीयांश. दोन-तृतीयांशाचा व्यस्त दीड असतो. दीड सोडाच, एकाच्याही खाली. उंच आईवडिलांची मुलं सरासरीकडे सरकतात आणि उंच मुलांचे आईवडीलही सरासरीकडे सरकलेले असतात. काळ पुढे वाहतो म्हणून हे होत नाही. पुढे वाचा नाहीतर मागे, टोकं निवडलीत की दुसऱ्या मापात ती कमी टोकाची दिसणारच.

याचा व्यवहारात फार मोठा फटका बसतो. समजा दोन परीक्षा आहेत, दोन्हींत सरासरी ५०, प्रमाण विचलन १५ आणि दोन परीक्षांतला सहसंबंध ०.६. पहिल्या परीक्षेत २० मिळालेले विद्यार्थी सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनं खाली आहेत. दुसऱ्या परीक्षेत ते सरासरीनं १.२ प्रमाण विचलनं खाली असतील, म्हणजे ३२ वर. बारा गुणांची सुधारणा, कुणी काहीही न करता. त्याच वेळी ८० वाले घसरून सरासरीनं ६८ वर. आता तळच्या मुलांसाठी जादा तास ठेवले असतील तर श्रेय जादा तासांना. वरच्यांचा सत्कार केला असेल तर दोष सत्काराला, मुलांच्या डोक्यात हवा गेली म्हणून. एका संस्थेत मला अशाच एका उपक्रमाचा अहवाल तपासायला दिला होता. ‘सर्वांत कमकुवत गटात सर्वाधिक प्रगती’ असं ठळक अक्षरांत छापलेलं. मी विचारलं, ज्यांना जादा तास दिले नाहीत अशा तितक्याच कमकुवत मुलांचं काय झालं? तशी मुलं बाजूला ठेवलेलीच नव्हती. उपक्रम चांगलाही असेल कदाचित, पण त्या आकड्यांवरून ते कळायला मार्ग नव्हता.

बरं, उभी अंतरं घ्यायची हे ठरलं, मग त्यांचे वर्ग कशाला? नुसती बेरीज का नाही? इथे तुमची आकडेवारी नशिबानं फार छान निघालीय. ४ उताराच्या रेषेपासून पाच बिंदूंची अंतरं, म्हणजे अवशेष, असे: ६, −१२, १०, −८, ४. बेरीज शून्य. चिन्ह सोडून बेरीज ४०. वर्गांची बेरीज ३६ + १४४ + १०० + ६४ + १६ = ३६०. आता सरासरीचा बिंदू तोच ठेवून उतार ५ करा. अवशेष १०, −१०, १०, −१०, ०. चिन्ह सोडून बेरीज पुन्हा ४०! उतार ३ करा. अवशेष २, −१४, १०, −६, ८. परत ४०. नुसत्या अंतरांचा निकष लावला तर ३ पासून ५ पर्यंतच्या सगळ्या रेषा सारख्याच चांगल्या, निवड करता येत नाही. वर्गांचा निकष मात्र ठाम आहे: ५ ला ४००, ३ लाही ४००, ४ ला ३६०. उतार चारापासून जितका हलवाल त्याच्या वर्गाच्या चाळीसपट दंड वाढतो. वाटीच्या तळासारखा आकार, तळ एकच. (चिन्हासकट बेरीज शून्य येणं हा निकष म्हणून कुचकामी आहे. सरासरीच्या बिंदूतून जाणाऱ्या कुठल्याही रेषेला ती शून्यच येते. वर तिन्ही ठिकाणी ताळा करून बघा.)

वर्गांची ही रीत रिग्रेशन या नावापेक्षा जुनी. फ्रेंच गणिती लजांद्रनं ती १८०५ मध्ये छापली, जर्मन गणिती गाउसनं १८०९ मध्ये छापून वर सांगितलं की आपण ती १७९५ पासून वापरतोय. त्यावरून दोघांत वाद झाला. दोघांनाही ग्रह-धूमकेतूंच्या कक्षा हव्या होत्या, उंची आणि गुण खूप नंतर आले.

वर्ग घेण्याची किंमतही असते. मोठी चूक वर्गात फारच मोठी होते, त्यामुळे एखादा भलताच बिंदू अख्खी रेषा ओढून नेतो. शेवटच्या विद्यार्थ्याचे ८० गुण टंकताना चुकून ३० पडले असं समजा. आठाचा तीन वाचला गेला, घडतं असं. पुन्हा आकडेमोड केली तर उतार ४ चा थेट −१ होतो. अभ्यास वाढला की गुण कमी होतात! आता तेवढीच चूक मधल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत करा, ७० चे २०. उतार ४ चा ४ राहतो, रेषा फक्त दहा गुणांनी खाली बसते. चूक दोन्हीकडे ५० गुणांचीच. फरक जागेचा. टोकाला बसलेल्या बिंदूला तरफेचा हात लांब मिळतो, मधल्याला मिळत नाही. म्हणून आकडेवारी हातात आली की मी पहिल्यांदा आडव्या अक्षावर दूर कोण बसलंय ते बघतो आणि मूळ कागदावर जाऊन तो आकडा पडताळतो.

आता मित्राचा ६४ टक्के. ‘६४ टक्के वेळा बरोबर’ हे तर उघडच चूक, कारण तुमच्या पाचांपैकी एकाही बिंदूतून रेषा जात नाही. बरोबर अर्थ बचतीचा आहे. तास माहीत नसते तर प्रत्येकाला आपण सरासरी ६० गुण दिले असते, आणि चुकांच्या वर्गांची बेरीज १००० आली असती. तास कळल्यावर ती ३६० वर आली. हजारातले ६४० वाचले, म्हणून ०.६४. रिग्रेशन रेषा म्हणजे तासांबरोबर सरकणारी सरासरीच, आणि ती सरकू दिल्यानं किती फायदा झाला ते आर-स्क्वेअर सांगतो.

पण ही बचत वर्गांतली आहे, आणि आपण जगतो गुणांत. १००० आणि ३६० ला पाचनं भागून वर्गमूळ घ्या: १४.१ आणि ८.५. चुकीचा सर्वसाधारण आकार १४ गुणांवरून साडेआठावर आला. म्हणजे ४० टक्के घट, ६४ नाही. सहसंबंध ०.५ असेल तर आर-स्क्वेअर ०.२५, आणि चुकीतली घट जेमतेम १३ टक्के. ‘सहसंबंध ०.५ आहे, बऱ्यापैकी आहे’ असं म्हणणाऱ्याला मी हा १३ चा आकडा सांगतो. (संगणक तुम्हाला साडेआठाऐवजी १०.९५ दाखवेल. तो पाचाऐवजी तीननं भागतो, कारण उतार आणि छेद (अपूर्णांकाचा नव्हे, रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा, इथे ३६) हे दोन आकडे याच आकडेवारीतून काढून आपण दोन बिंदू जणू आधीच खर्च केलेत.)

आर-स्क्वेअर मोठा म्हणून रेषा योग्य, असंही धरू नका. फ्रँक अँस्कम या संख्याशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये चार छोटे संच करून ठेवलेत, प्रत्येकी ११ बिंदू. चारहींत क्षची सरासरी ९, यची ७.५, रेषा य = ३ + ०.५ × क्ष, सहसंबंध ०.८१६. आकडे बघून चौघं जुळी भावंडं वाटतात. आलेख काढला की पहिला साधा विखुरलेला ढग, दुसरा स्वच्छ कमान, तिसरा सरळ रेषा आणि एक वाट चुकलेला बिंदू. चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत आणि एकटा लांबचा बिंदू सगळा उतार ठरवतो. आलेख काढायला एक मिनिट लागतं आणि तरी लोक काढत नाहीत. मूळ आलेखाबरोबर अवशेषांचाही काढा: आडवे तास, उभे अवशेष. त्यात काहीच आकार दिसता कामा नये. कमान दिसली तर सरळ रेषा चुकीची, एका बाजूला पंखा उघडत गेलेला दिसला तर चुका सगळीकडे सारख्या मोठ्या नाहीत. तुमच्या अवशेषांत वर-खाली-वर-खाली असा नागमोडी क्रम आहे, पण पाच बिंदूंत त्याचा काही अर्थ लावायला जाऊ नका.

पाच बिंदूंचाच विषय निघाला म्हणून सांगतो. सहसंबंध ०.८ हा पुस्तकाच्या भाषेत ‘प्रबळ’. पण उताराची प्रमाण त्रुटी, म्हणजे दुसरे विद्यार्थी घेतले असते तर उतार साधारण किती हलला असता याचं माप, काढली तर १.७३ येते. तीन स्वातंत्र्यांशांना (पाचातून दोन खर्च होऊन उरलेले तीन) ९५ टक्क्यांसाठीचा तक्त्यातला गुणक ३.१८, त्यामुळे उताराची विश्वास-कक्षा, म्हणजे खरा उतार जिच्यात असावा असं धरता येतं ती मर्यादा, साधारण −१.५ ते ९.५. शून्य तिच्या आत आहे. म्हणजे एवढ्या आकडेवारीवरून अभ्यासाचा आणि गुणांचा संबंध आहे असंसुद्धा ठामपणे म्हणता येत नाही. मूळ गणितात हे विचारलं नसेल, पण उत्तराखाली ही एक ओळ लिहिलीत तर तपासणारा खूश होईल.

छेदाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ३६ म्हणजे शून्य तासांना रेषेनं दिलेले गुण, पण शून्य तासांचा विद्यार्थी आकडेवारीत नाही. रेषा उभी ठेवायला एक खुंटी लागते, ती ही. दुसऱ्या टोकाला १७ तास घाला, १०४ गुण येतील, शंभरपैकी. सूत्र कुठलाही आकडा गिळतं. २ ते १० च्या बाहेर त्याच्यावर विसंबू नका.

उतार शब्दांत लिहिताना मात्र जपा. ‘एक तास जास्त अभ्यास केल्यास ४ गुण वाढतात’ असं जवळपास प्रत्येक उत्तरपत्रिकेत लिहिलेलं सापडतं. आकडेवारी एवढंच सांगते की ज्यांच्या अभ्यासात एका तासाचा फरक आहे, त्यांच्या गुणांत सरासरीनं ४ चा फरक आहे. ही वेगवेगळी माणसं आहेत. एकाच माणसाचा अभ्यास वाढवून आपण काही पाहिलेलं नाही. जास्त वेळ बसणाऱ्यांना विषयाची मुळातच गोडी असेल, किंवा त्यांना घरी शांतता मिळत असेल. आणि उतार एकक बदललं की बदलतो. तासांची मिनिटं केलीत तर ४ चा ०.०६७ होईल आणि संबंध कमकुवत झाल्यासारखा वाटेल. तसं काही झालेलं नसतं, सहसंबंध तिथेच ०.८ वर बसलेला असतो.

आता राहिला एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण पुढे पडेल: मग कण्याच्या रेषेचा काहीच उपयोग नाही का? आहे. एकाच तापमानासाठी दोन तापमापक लावलेत आणि दोघांची मापं जुळतात का ते बघायचंय. इथे कुणावरून कुणाचा अंदाज बांधायचा नाही, आणि चूक दोन्ही मापांत आहे. अशा वेळी नेहमीची रिग्रेशन रेषा फसवते. आडव्या अक्षावरच्या मापात चूक असली की उतार शून्याकडे दबतो, आणि दोन उत्तम तापमापकांतही उतार १ पेक्षा कमी दिसतो. तिथे दोन्ही बाजूंच्या चुका धरणारी रीत घेतात, डेमिंग रिग्रेशन हे तिचं एक प्रचलित रूप. प्रयोगशाळांत उपकरणांची तुलना करणाऱ्यांना ही रोज लागते. तुमच्या अभ्यासक्रमात बहुधा नसेल.

तुमच्या गणितापुरतं सांगायचं तर दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा, (६, ६०) वर छेदबिंदू दाखवा, आणि कोणती रेषा कशावरून काय सांगते ते प्रत्येकीच्या टोकाला लिहा. ०.२५ खोडून टाका, ०.१६ राहू द्या.